माळव्यातला मेंढ्यांचा कळप वॉटरकलरमध्ये: काय आधी, काय नंतर, आणि कुठे चुकतं

आमच्या रविवारच्या क्लासला दर हिवाळ्यात हा विषय असतो आणि दर हिवाळ्यात त्याच चुका समोर येतात. मेंढपाळ मस्त जमलेला असतो, साफ्याच्या प्रत्येक पिळासकट, आणि त्याच्या आजूबाजूला कापसाचे बोळे ठेवल्यासारख्या मेंढ्या, एखादी त्याच्या छातीपर्यंत आलेली, एखादी मांजराएवढी, आणि कोणाचेच पाय जमिनीला टेकलेले नाहीत. लोकांना वाटतं आपला हात बसलेला नाही. हात ठीक असतो, क्रम उलटा असतो. आधी माणूस, मग एकेक मेंढी, मग उरलेल्या जागेत जमीन आणि आकाश असं चाललेलं असतं. करायचं बरोबर उलटं: आधी उजेड, मग जमीन, मग अख्खा कळप एकच आकार धरून, मग त्यातल्या चार-पाच मेंढ्या, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

खाली जे सांगतेय ते पाव शीटच्या चित्रासाठी आहे, संध्याकाळ, सूर्य कळपाच्या मागे, धूळ उडतेय, म्हणजे आपल्या गोरज वेळेचं दृश्य. पहिल्यांदा करताना हेच घ्या, कारण मागून उजेड असला की मेंढ्यांच्या अंगावरची डिटेल आपोआप कमी होते आणि आकार सोपे होतात.

## सामान

कागदावर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत पोताचा कागद, कॉटनचा मिळाला तर फारच छान, साइज ११ × १५ इंच, म्हणजे फुल इम्पीरियल शीटचा चौथा भाग. शाळेच्या ड्रॉइंग बुकचा कागद इथे चालतच नाही, कारण धुळीसाठी आपल्याला बराच वेळ ओल्या कागदावर काम करायचंय आणि तो फुगून त्याच्या खड्ड्यांत रंग साचतो.

ब्रश चार: एक इंची फ्लॅट, १२ नंबरचा राउंड, ६ नंबरचा राउंड आणि एक बारीक लायनर. रंग: यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, लाइट रेड, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, आणि साफ्यासाठी थोडासा कॅडमियम रेड. इंदूरच्या खजुरी बाजारातून स्टुडंट ग्रेडच्या ट्यूब आणल्या तरी सुरुवातीला भागतं. काळा आणि पांढरा मात्र बॉक्समधून आधीच काढून ठेवा. जवळ असला की हात जातोच, आणि धुळीत पांढरा मिसळला की चित्र खडूचं दिसायला लागतं.

बाकी पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं), जुनं सुती कापड, स्प्रेची बाटली, मास्किंग टेप, बोर्ड. बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक सरकवा म्हणजे थोडा उतार येतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली सरकतो.

सावधान: एप्रिल-मेमध्ये इंदूरला हे चित्र करायचं असेल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या आणि पंखा बंद ठेवा. नाहीतर आकाशाचा वॉश अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळून कडा पडतात.

## १) आधी जाऊन बघा, काढू नका

सोयाबीन निघालं की राजस्थानातले रेबारी लोक कळप घेऊन माळव्यात उतरतात. इंदूरहून सिमरोलकडे जा, महूच्या पुढे जा, देपालपूर रोडला जा, हिवाळ्यात कुठेतरी कळप भेटतोच. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात रात्रीच्या बसवतात, तेव्हा संध्याकाळी त्या कुठल्या शेतात जाणारेत ते गावात विचारलं की कोणीही सांगतं. डिसेंबर-जानेवारीत साडेचार ते सहा ही वेळ पकडा.

पहिली दहा मिनिटं वही बंद. नुसतं बघा.

कळपाचा बाहेरचा आकार कसा आहे, पुढे निमुळता आणि मागे पसरलेला, का रस्त्यावर आल्यामुळे पट्ट्यासारखा लांब? किती माना खाली आहेत? चरताना जवळजवळ सगळ्याच खाली असतात आणि क्लासच्या चित्रांत सगळ्याच वर असतात, जणू फोटोसाठी उभ्या केल्यात. मारवाडी मेंढी नीट बघा, अंग पांढरं, तोंड काळं, कान इतके छोटे आणि गुंडाळलेले की लांबून दिसतच नाहीत. पाय बरेच उंच आणि बारीक. पिंटरेस्टवरची ती गुबगुबीत, लोकरीचा गोळा झालेली विलायती मेंढी डोक्यातून काढून टाका, ती या मातीवर चालत नाही. गाईचंही तेच, माळवी गाय पांढरट-करडी, वशिंड ठळक, तिच्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बिनवशिंडाची गाय आली की चित्र लगेच परक्या मुलखाचं होतं.

कळपात बकऱ्याही असतात. ओळखायची सोपी खूण शेपटी: बकरीची वर, मेंढीची खाली.

आणि मागचा पाय. सगळ्यात जास्त चुकणारी जागा ही. मेंढीच्या मागच्या पायात जो सांधा मागच्या बाजूला वळलेला दिसतो तो तिचा गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ, लोकरीत लपलेला. स्वतःच्या टाचा उचलून चवड्यावर उभं राहा म्हणजे लगेच कळेल. हे एकदा डोक्यात बसलं की गाय, बकरी, उंट, सगळ्यांचे मागचे पाय सुधारतात.

मग स्केच. एकेक मेंढी वीस सेकंदांत, हलली की सोडून द्या, पुढची घ्या. पान भरून अर्धवट मेंढ्या झाल्या तर काम बरोबर चाललंय.

सावधान: कळपाच्या तोंडासमोर जाऊन उभे राहू नका. मी एकदा सिमरोलजवळ चांगल्या फोटोच्या नादात पुढे गेले आणि अख्खा कळप बिथरून डांबरी रस्त्यावर वळला, समोरून ट्रक येत होता, मेंढपाळ काकांनी धावत जाऊन काठी आडवी धरली म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम ठरलेला आहे, बाजूने चालायचं, कुत्र्यांपासून लांब राहायचं, आणि आधी रामराम करून विचारायचं, मगच मोबाइल काढायचा. बाईमाणसांचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

फोटो घेताना उभं राहूनच घ्या आणि झूम करू नका. झूम केला की मागच्या आणि पुढच्या मेंढ्या एकाच मापाच्या दिसतात, मग घरी येऊन अंतर दाखवता येत नाही. शिवाय उजेड मागून असताना मोबाइल कळपाला काळाकुट्ट करतो, म्हणून खरे रंग वहीत शब्दांत लिहा: पोटाखाली जांभळट, मातीजवळ तांबूस, पाठीची कड पिवळी.

## २) तीन छटांचं छोटं चित्र

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, पेन्सिलीने, पाच मिनिटांत. फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. आकाश आणि धूळ पांढरी, जमीन मधली, मागची झाडं आणि कळपाची आपल्याकडची बाजू गडद. असे तीन-चार करा आणि एक निवडा.

क्षितिज मधोमध नको. माळव्याची जमीन सपाट आहे, आकाशाला मोठी जागा दिली की तो मोकळेपणा येतो, म्हणून क्षितिज खालून साधारण एक तृतीयांशावर ठेवलं तर चांगलं, पण मग पुढची जमीन थोडी उरते आणि जवळच्या मेंढ्या लहान ठेवाव्या लागतात हे लक्षात असू द्या. मला स्वतःला खालून ४०-४५ टक्क्यांवर आवडतं.

तपासा: हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. कळप एकच डाग दिसतोय का? सुटे सुटे ठिपके दिसत असतील तर पुढे जाऊ नका, डाग जोडून घ्या.

## ३) क्षितिज आणि मापं

या टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि चित्र इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

सपाट जमिनीवर उभं राहून बघताना क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तुमचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर असतील तर समोरच्या जमिनीवर उभी असलेली कुठलीही गोष्ट, जवळची असो की लांबची, तिला क्षितिजाची रेषा १६० सेंटिमीटरवरच कापणार. म्हणजे पायांपासून क्षितिजापर्यंत कागदावर जेवढं अंतर, तेवढे तिथले १६० सेंटिमीटर.

आता हे वापरा. मेंढी खांद्यापाशी साधारण ७० सेंटिमीटर. म्हणजे तिची पाठ पायांपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जरा कमी. बस, एवढंच. कागदावर क्षितिजाखाली ८ सेंटिमीटरवर एखाद्या मेंढीचे पाय ठेवले तर ती साडेतीन सेंटिमीटर उंच. तिच्या शेजारी उभा पावणेसहा फुटी माणूस पावणेनऊ सेंटिमीटर, म्हणजे त्याचं डोकं क्षितिजाच्या थोडंसं वर. उंट खांद्याशीच दोन मीटरच्या आसपास असतो, तो तिथे १० सेंटिमीटर, त्याची मान अजून वर आकाशात. आणि जिचे पाय क्षितिजाखाली फक्त २ सेंटिमीटरवर आहेत ती मेंढी जेमतेम ९ मिलिमीटर. तिच्याजवळच्या माणसाचं डोकं? तेही क्षितिजापाशीच. जवळचा काय, लांबचा काय, उभ्या माणसांची डोकी एका ओळीत येतात, फक्त पाय वर-खाली होतात. लोक उलटं करतात, लांबचा माणूस छोटा काढायचा म्हणून त्याचं डोकं क्षितिजाच्या बरंच खाली आणतात आणि तो खड्ड्यात उतरल्यासारखा दिसतो.

पेन्सिलीने पाच-सहा जागी पायांच्या खुणा करा, प्रत्येक खुणेवर मेंढीची उंची मोजून आडवी रेघ मारा. त्यातून कळपाच्या पाठींची ओळ मिळते.

सावधान: स्टुलावर बसून स्केच केलं असेल तर डोळे ११०-१२० सेंटिमीटरवर येतात आणि सगळं बदलतं, मेंढी त्या अंतराच्या जवळजवळ दोन तृतीयांशापर्यंत जाते आणि उभा माणूस आकाशात बराच वर निघतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच चित्रात दोन्ही नकोत. मेंढ्या बसून केलेल्या स्केचवरून आणि मेंढपाळ उभ्याने काढलेल्या फोटोवरून, असं सर्रास होतं, आणि मग काय चुकलंय ते कळत नाही, नुसतं खटकत राहतं.

जमीन चढउताराची असेल, जानापावकडे असते तशी, तर हे गणित थेट लागणार नाही. पहिलं चित्र सपाटीवरचंच करा.

## ४) पेन्सिल: कळपाची फक्त बाहेरची रेघ

एच-बी पेन्सिल, हलका हात. पाठींची वरची ओळ आणि पायांच्या बाजूची खालची ओळ. वरची ओळ लाटेसारखी, कुठे दोन पाठी जुळलेल्या, कुठे एक डोकं वर, कुठे फट. आतमध्ये काहीच काढू नका. पुढच्या बाजूला चार-पाच मेंढ्या तेवढ्या नीट ओळखू येतील अशा, वेगवेगळ्या दिशेला तोंड केलेल्या, एखादी पूर्ण पाठमोरी (पाठमोरी मेंढी काढायला सोपी आणि कळप आत चाललाय हे तीच सांगते).

फ्रान्सचा चित्रकार मिले याचं १८६४ सालचं मेंढपाळ मुलीचं चित्र इंटरनेटवर काढून बघा. मागचा कळप म्हणजे उजेड पडलेल्या पाठींची एकच लाट आहे. किती मेंढ्या खरोखर काढल्यात ते मोजायला जा, थोड्या वेळात मोजणं सोडून द्याल.

मेंढपाळ कुठे? मधोमध नको, आणि कळपाच्या पुढे हात हलवत नेणारा पुढारीही नको. बाजूला किंवा मागे, रेंगाळलेल्या मेंढीकडे बघणारा. त्याची जागा पेन्सिलीने धरून ठेवा, धोतर आणि अंगरख्याचा पांढरा कागद वाचवायचाय.

तपासा: आता जवळच्या एका मेंढीच्या पायापासून क्षितिजापर्यंत परत मोजा. बरोबर निघालं तरच रंग भिजवा.

## ५) आकाश आणि धूळ, एकाच वॉशमध्ये

स्वच्छ पाण्याने कागद ओला करा, मेंढ्यांच्या पाठींच्या ओळीपर्यंत. वर कोबाल्ट ब्लू अगदी पातळ, खाली येताना यलो ऑकरमध्ये लाइट रेडचा थेंब, क्षितिजाजवळ सूर्याच्या जागी लेमन यलोची नुसती छटा, जवळजवळ पाणीच. निळा आणि पिवळा जिथे भेटतात तिथे हिरवा होऊ नये म्हणून मधे लाइट रेड आधी येऊ द्या.

चमक जाईपर्यंत थांबा, कागद ओलसर पण चकचकीत नाही, अशा वेळी लांबच्या झाडांची ओळ: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, थोडा ऑकर. झाडांच्या खालच्या कडा धुळीत विरायला हव्यात, म्हणून ओला, पिळलेला ब्रश खालून फिरवा. याच झाडांच्या गडदपणाने मेंढ्यांच्या पाठी कापून बाहेर येतात, तिथे मात्र कड स्वच्छ ठेवा. एका जागी कड सुटली, रंग पाठीत घुसला, तर पुसत बसू नका, धुळीत दोन मेंढ्या हरवल्या असं समजा.

धुळीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धूळ जमिनीजवळ दाट असते आणि आधी पाय खाते, मग पोट. आणि उजेड मागून असला की धूळ उजळ दिसते, मेंढ्यांच्या सावलीतल्या अंगापेक्षा उजळ. ती रंगवायची नसते, सोडायची असते.

सावधान: पाठींच्या कडांसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात तो रबरासारखा द्रव) लावायचा मोह होतो. लावलंच तर फार थोडं, आणि त्याच दिवशी काढा. माझा एक कागद मे महिन्यात दोन दिवस गच्चीच्या खोलीत राहिला, फ्लुइड उकाड्याने चिकटून बसलं आणि काढताना मेंढ्यांच्या पाठींसकट कागदाची साल निघाली. तेव्हापासून मी कागद नुसताच सोडते.

## ६) जमीन

ट्यूबमधला हिरवा नको. या दिवसांत सोयाबीनचं वाळकं खुंटण आणि मधे मधे काळी माती असते. लांबची जमीन ऑकरची, जवळ येताना बर्न्ट सिएना, अगदी पुढे त्यात अल्ट्रामरीन. आमची काळी माती काळी म्हणून काळा रंग घेऊ नका, संध्याकाळी ती तपकिरी-जांभळट दिसते.

फ्लॅट ब्रश आडवा ओढा, कोरडाच, म्हणजे कागदाच्या खरखरीवर रंग तुटत जातो आणि खुंटण आपोआप मिळतं. काडी काडी काढू नका. कळपाच्या खालची पट्टी ओली असतानाच पुढच्या टप्प्याला लागायचंय, म्हणून आधी पुढचा टप्पा वाचून घ्या.

## ७) कळप

अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, अगदी थोडा लाइट रेड. मधल्या छटेचा भरपूर रंग एकदम बनवा, अर्ध्यात संपला तर तीच छटा परत येत नाही. मग १२ नंबरच्या ब्रशने कळपाची आपल्याकडची सगळी बाजू एका दमात, डावीकडून उजवीकडे, एक मेंढी दुसरीत मिसळू देत. वर पाठीची बारीक कड कोरी, खाली पायांच्या बाजूला रंग ओल्या जमिनीत उतरू द्या. मधेच ब्रशला थोडा ऑकर लावा, पोटाखाली मातीचा उजेड परत येतो तो तिथे हवा असतो.

हे ओलं असताना काळी तोंडं टाका, ६ नंबरचा ब्रश, रंग घट्ट. पुढची चार-पाच नीट, त्रिकोणी, खाली झुकलेली. मागची नुसती टिंबं, तीही सगळी नाही.

वाळू द्या. पूर्ण. हात लावून बघा, कागद गार लागला तर अजून ओला आहे.

मग कोऱ्या कडांवर अगदी पातळ ऑकर, एखाद-दोन जागा सोडून, कारण लोकर पांढरीशुभ्र नसते, त्यावर चार महिन्यांची धूळ असते. मग पाय, फक्त पुढच्या मेंढ्यांना. चारही पाय काढायची गरज नाही, दोन दिसले तरी पुरे, आणि सगळ्यांचं पाऊल एकाच वेळी उचललेलं नको, नाहीतर परेड होते.

तपासा: कळपात डोळे कुठे थांबतात? एकाच जागी थांबायला हवेत, जिथे सगळ्यात उजळ कड आणि सगळ्यात काळं तोंड शेजारी आहे. दोन-तीन जागी ओढले जात असतील तर बाकीच्या कडांवर पातळ रंग देऊन त्या दाबा.

## ८) मेंढपाळ

आता तो. साफा, अंगरखा, धोतर, तीन तुकडे, आणि तोंड-हातापायांचा गडद. डोळे-नाक काढू नका, उजेड मागून आहे, ते दिसणारच नाहीत. कपड्यांची सावलीची बाजू कळपाच्याच रंगाने, त्याच मिश्रणाने, म्हणजे तो त्याच हवेत उभा दिसतो. साफ्याला कॅडमियम रेड, एका बाजूने कोरी कड सोडून, आणि चित्रात दुसरीकडे कुठेही तेवढा लाल नको.

वजन एका पायावर, खांदा काठीकडे किंचित झुकलेला. काठी लायनरने एका फटक्यात, मधे तुटली तर तुटू द्या, फूटपट्टी लावू नका. पायांची जागा शेजारच्या मेंढीच्या पायांच्या ओळीतच, तिसऱ्या टप्प्यात मोजली होती ती.

उंट घ्यायचा असेल तर मागे, धुळीत, अर्धवट. स्थलांतराला निघालेल्या उंटाच्या पाठीवर उलटी खाट बांधलेली असते आणि तिच्या पायांमध्ये सामानाजवळ नुकतीच जन्मलेली कोकरं बसवलेली असतात, माना बाहेर काढून. हे एवढं बारीक लांबून दिसत नाही, पण खाटेचे वर आलेले चार पाय आकाशावर दिसतात, तेवढे टाकलेत तरी माणसं घर घेऊन निघालीत हे कळतं.

## ९) सावल्या आणि सोडवणं

सूर्य मागे, म्हणजे सगळ्या सावल्या आपल्याकडे येणार, लांब, आणि सूर्याच्या बरोबर खालच्या जागेतून पंख्यासारख्या पसरणार. सगळ्या एकाच तिरक्या दिशेला मारू नका. अल्ट्रामरीन आणि थोडा लाइट रेड, पारदर्शक, पायांना चिकटूनच सुरुवात. जिथे पाय धुळीत गेलेत तिथे सावलीची सुरुवातही विरलेली. एका मेंढीची सावली दुसरीत मिसळते, ती मिसळू द्या, कळप जमिनीवर बसतो तो याच एका जोडलेल्या सावलीमुळे.

मग बोर्ड भिंतीला टेकवा आणि सहा पावलं मागे जा. लांबून कळप चालताना दिसत असेल तर ब्रश धुवून टाका, एखादी मेंढी चुकीची असली तरी. आरशातही बघा, झुकलेलं क्षितिज तिथे लगेच पकडलं जातं. अजून दोन-चार उजळ ठिपके हवेत असं वाटलं तर पांढरा रंग आणू नका, ब्लेडच्या टोकाने पूर्ण वाळलेला कागद हलकेच खरवडा, पाठीच्या कडेवर, दोन-तीन जागीच.

टेप रात्रभर वाळल्यावर काढा, कागदाच्या बाहेरच्या दिशेने, तिरका, सावकाश. फाटायला लागली तर हेअर ड्रायरने थोडी गरम करा, मग सुटते.